नोटीस कुणाला काढायची?

"निकालाच्या दिवशी लाखो मुलं एकदम साइटवर आली, तरी हा डेटाबेस पेलेल. शिवाय फुकट आहे," केतकी बैठकीत म्हणाली. परीक्षा मंडळात रुजू होऊन तिला महिनाही झाला नव्हता.

"कंपनी कुठली?" सबनीससाहेबांनी विचारलं.

"कंपनी नाही, सर. ओपन सोर्स आहे. जगभरातले लोक मिळून बनवतात."

"मग नवी साइट बसली, तर नोटीस कुणाला काढायची?"

"कुणालाच नाही."

साहेबांचं बिस्किट तुटून चहात पडलं. जुनी साइट बसली, तेव्हा कंपनीला नोटीस काढून सगळे निवांत जेवायला गेले होते. आता सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग हळूहळू केतकीकडे.

"छान अभ्यास केलाय," साहेब म्हणाले. एकही शंका न काढता सगळ्यांनी माना डोलावल्या. "निवड मॅडमची, असं इतिवृत्तात लिहा. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट."

इतक्या लवकर निर्णय त्या खोलीत कधी झाला नव्हता. केतकी खुशीत उठली.

दाराशी निवृत्तीला आलेल्या हिंगेबाईंनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "घरात कमावणारं आणखी कुणी आहे ना गं?"