ऐन भराची वर्षं

"नाव नका सांगू," टेरॉन म्हणाला.

फोनवर इलेन होती. टोलेडोच्या बास्केटबॉल संघात कुणाला घ्यायचं आणि बदल्यात कुणाला द्यायचं, हे ती ठरवायची. टेरॉन मॅब्री त्याच संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू. दोघं एकाच वर्षी या शहरात आले होते.

"टेरॉन, तीनला अदलाबदलीची मुदत संपतेय. त्याआधी तुझ्याशी नीट बोलायचंय."

"तो उंच सर्बियन खेळाडू मिळतोय ना?"

"मिळतोय. पण बदल्यात ते जो माणूस मागतायत..." तिने नाक ओढलं. "लोकांचा जीव आहे त्याच्यावर. हॉल अर्धा रिकामा असायचा, तेव्हापासूनचा आहे."

टेरॉनने गाडी रस्त्याकडेला घेतली. तेव्हापासूनचे आता दोघंच उरले होते. तो आणि वेंडेल.

"हे केलं तर आपण जिंकू?"

"पुढची पाच-सहा वर्षं आपल्याला कुणी हात लावू शकणार नाही. ऐन भराची वर्षं वाया घालवायची नाहीत, असं तूच म्हणायचास ना?"

"मग करा. मी जाऊन सांगतो, नेहमीसारखं."

"कुणाला सांगतोस? टेरॉन, थांब, ऐक..."

"बॉस, तुम्ही रडलात तर मीपण रडेन." त्याने फोन बंद केला आणि समोरच्या कप्प्यात टाकला.

ही त्याचीच पद्धत होती. ज्याला पाठवायचं त्याला ऑफिसने कळवायचं नाही. टेरॉनने त्याच्या घरी जायचं, समोर बसून सांगायचं आणि त्याच दिवशी विमानतळावर सोडून यायचं. रेजीला त्यानेच सोडलं होतं. रेजी वाटभर विनोद करत होता आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत मात्र मागे वळून न बघता निघून गेला. त्यानंतर ऑगस्टीन. मग लमाँट, ज्याच्या लग्नात टेरॉन करवला होता. दर वेळी संघ थोडा वर सरकला, आणि दर वेळी परतीच्या गाडीत टेरॉन एकटा होता.

सुरुवातीला रोज कुणी ना कुणी जेवायला असायचं म्हणून त्याने बारा जणांचं टेबल घेतलं होतं. आता त्यावर टपाल साचायचं. रविवारी मात्र वेंडेल यायचा, तळलेल्या माशांचं पुडकं घेऊन, आणि दारातूनच ओरडायचा, "अहो राजेसाहेब, दरबार भरलाय का?"

वेंडेल आता फारसा खेळत नव्हता. बाकावर बसून ओरडणं, हेच त्याचं काम. आज सकाळच्या सरावातही एकवीस वर्षांचा अमारी टेरॉनला हुलकावणी देऊन पुढे निसटला, तेव्हा वेंडेल ओरडला, "अमारी, बाळा, जरा दमानं! आजोबांचा गुडघा बर्फातून आत्ताच बाहेर आलाय!"

"तुझी जीभही ठेव त्याच बर्फात," टेरॉन म्हणाला, आणि सगळे हसले. इलेन कोपऱ्यात उभी होती. ती हसली नाही. टेरॉनला तेव्हाच कळलं होतं, आज वेंडेलची पाळी.

पगाराचं गणित त्याला नीट जुळत नव्हतं. अदलाबदलीत दोन्हीकडचे पगार साधारण सारखे लागतात, आणि वेंडेलचा तर त्या सर्बियनच्या तुलनेत काहीच नव्हता. म्हणजे वेंडेलबरोबर आणखी दोघं-तिघं जाणार. असो. ते इलेन बघेल.

सरोवराच्या काठी तो थांबला. पाणी गोठून पांढरं पडलं होतं. अडीच वाजले होते. आपण नाही म्हटलं तर इलेन हे करणार नाही, याची त्याला खात्री होती. एक फोन, आणि वेंडेल इथेच राहील. रविवार राहील. पण मग सर्बियन येणार नाही, आणि एकही विजेतेपद न मिळवता कारकीर्द संपलेल्यांच्या रांगेत आपण जाऊन बसू. तेव्हा वेंडेलच म्हणेल, "मूर्खा, माझ्यासाठी थांबलास?"

कप्प्याकडे त्याचा हात गेला. बराच वेळ तिथेच राहिला. मग त्याने गिअर टाकला.

वाटेत त्याने वाक्यं जुळवून बघितली. 'वेंडेल, तुझ्याइतका जवळचा मला कुणी नाही.' हे फारच रडकं. 'वेंडेल, तिकडे हवा तरी बरी आहे.' हे बरं होतं. रेजीलाही त्याने असंच काहीसं सांगितलं होतं.

वेंडेलच्या घरापाशी पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. त्याने घंटा वाजवण्याआधीच दार उघडलं. वेंडेलच्या अंगात जाड कोट, पायात बूट, डोळे लाल. टेरॉनला वाटलं, याला कुणीतरी आधीच सांगितलं. ते काम माझं होतं.

"वेंडेल," तो म्हणाला, "हो म्हणणारा मीच आहे. कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. शिव्या घाल हव्या तर."

"शिव्या कशाला?"

"मी तुला थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही."

वेंडेलने पायरी उतरून टेरॉनच्या खांद्यावर हात ठेवला.

"इलेनचा मला तीनदा फोन आला," तो म्हणाला. "तू नाव ऐकूनच घेतलं नाहीस म्हणे."

"ऐकायची काय गरज?"

"गाडीची किल्ली मला दे, टेरॉन. आधी तुझ्या घरी जाऊ आणि तुझी बॅग भरू."