काळखोलीतला बाप

"आजोबा, पालकसभेला आई किंवा बाबांनीच यायचं असतं," बाई हळूच म्हणाल्या.

"मीच रेवतीचा बाबा." डॉ. टिळेकरांनी सुरकुतलेल्या हाताने ओळखपत्र पुढे केलं. त्यावर वय होतं त्रेचाळीस. बाई ओशाळल्या. "विद्यापीठाच्या काळखोलीत काम करता का?"

त्यांनी मान हलवली. रोज पाच वाजता ते त्या खोलीत शिरत. बाहेर तास सरेपर्यंत आत अख्खा आठवडा जायचा. प्रयोग, शोधनिबंध, परीक्षकांच्या शंका, सगळं तिथेच उरकायचं. वय मात्र आतल्या घड्याळाप्रमाणे वाढायचं. सव्वासहाला ते घरी हजर. सात वर्षांत रेवतीचा एकही वाढदिवस, एकही स्नेहसंमेलन त्यांनी चुकवलं नव्हतं. "बाप असावा तर असा," असं विभागातले सगळे म्हणत.

शाळेचा जिना उतरताना रेवतीने त्यांचा हात धरला. प्रत्येक पायरीवर ती त्यांच्यासाठी थांबत होती.

"बाबा, उद्यापासून घरी उशिरा येत जा ना."

"का गं?"

"निधीचे बाबा रोज उशिरा येतात. ते अजून तिला खांद्यावर घेतात."