दुसरी सही

घाईरावाने बेल दोनदा दाबली आणि दार उघडायच्या आत तिसऱ्यांदा. वाटेत त्याने भांडणाची सगळी उजळणी करून ठेवली होती. पहिलं वाक्य तयार होतं: "मास्तर, झोपा काढत होतास का?"

घाईराव हे नाव मास्तरने कॉलेजात ठेवलेलं, आणि मास्तर हे घाईरावाने. एकाला धीर नाही, दुसऱ्याला चूक सापडल्याशिवाय चैन नाही. पंधरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एक छोटा प्रोग्राम लिहिला. कागदपत्रांना कुलूप लावायचं, एवढंच त्याचं काम. तो त्यांनी जगाला फुकट दिला, आणि बघता बघता देशोदेशीचे दवाखाने, कचेऱ्या तो वापरू लागल्या. नियम एकच. घाईराव लिहिणार, मास्तर वाचणार. दोघांच्या सह्यांशिवाय त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. सही म्हणजे कॉम्प्युटरला लावलेल्या नखाएवढ्या किल्लीवर बोट टेकवायचं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरने चार ओळींसाठी घाईरावाचं काम तीन आठवडे अडवून धरलं. घाईराव प्रोग्रामच्या जाहीर पानावर सगळ्यांदेखत लिहून बसला, "तुला दुसऱ्याच्या चुका काढण्यापलीकडे काही येतं का?" तेव्हापासून अबोला. सह्या मात्र येत राहिल्या. पूर्वी एकेका पानावर वीस-वीस शेरे मारणारा मास्तर आता एक अक्षर न लिहिता सही करून मोकळा व्हायचा. आधी घाईरावाला वाटलं, फुगून बसलाय. मग हळूहळू वाटायला लागलं, आपलंच काम आता बिनचूक होतंय. स्वतःची समजूत काढण्यात माणूस फार हुशार असतो.

मागच्या महिन्यात त्याने चाचणीपुरती पासवर्डची तपासणी बंद केली आणि परत सुरू करायला विसरला. मास्तरने झोपेतसुद्धा पकडली असती अशी चूक. सही चार मिनिटांत आली. अकरा दिवस हजारो रुग्णांचे कागद सताड उघडे पडले. काल दुरुस्ती गेली, तर तिच्यावरही सही चार मिनिटांत. प्रश्न नाही की शिवी नाही. तेव्हा मात्र घाईरावाच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्याने पहिली गाडी पकडली.

दार वहिनींनी उघडलं.

"या," म्हणाल्या. "उशिरा का होईना, आलात."

मास्तर खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. उजवा हात कुणीतरी मांडीवर आणून ठेवल्यासारखा. ओठाचा एक कोपरा ओघळलेला. त्याने घाईरावाकडे पाहिलं, पण ओळख पटली की नाही ते कळत नव्हतं. घाईरावाने पिशवी खाली ठेवली.

"झटका आला," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या भांडणानंतर महिन्याभरातच. बोलणं गेलं. वाचणंही गेलं, समोरची अक्षरं लागतच नाहीत त्यांना. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल. राग गेला नसेल म्हणून येत नसाल."

"मग सह्या?"

वहिनींचा चेहरा एकदम उजळला. "त्यांच्यावरच तर दिवस चाललेत आमचे! डावा हात चांगला आहे म्हणतात डॉक्टर, पण हे तो उचलतच नव्हते. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हात टेकले. एक दिवस कॉम्प्युटर वाजला. मी आपलं सहज म्हटलं, घाईरावांचं आलंय. तर यांनी हात उचलला, आणि थेट किल्लीवर बोट! तेव्हापासून मी पडद्यावरचं ते 'मंजूर'चं हिरवं बटण दाबते, हे बोट टेकवतात. दुसऱ्या कशाला म्हणून हात उचलत नाहीत हो. घासही मीच भरवते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझं काही चुकत तर नाही ना?"

"नाही, वहिनी."

घाईराव खाली जमिनीवरच बसला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. दोन वर्षं हा माणूस त्याचं नाव ऐकून हात उचलत होता, आणि त्याला एक फोन करणं जमलं नव्हतं. त्याने मास्तरच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि तो हमसून हमसून रडला.

पण रडून झालं तरी किल्ली तिथेच होती. ती सही जगाला सांगत होती की एका काटेकोर माणसाने हे ओळ न् ओळ वाचलंय. ते आता खोटं होतं. उद्या कुणी घाईरावाच्या नावाखाली काहीही घुसवलं असतं, तरी मास्तरने आनंदाने बोट टेकवलं असतं. सही करणाऱ्यांतून मास्तरचं नाव काढायला हवं होतं, आणि आजच. मास्तर धडधाकट असता तर त्याने एक तासही थांबू दिलं नसतं. अडचण एवढीच, की नाव काढणं हाही बदलच. त्यालाही दोघांच्या सह्या लागत.

"वहिनी, मला तुम्हाला एक..."

"बोला ना."

ही शेवटची सही, हे त्याला सांगता आलं नाही. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. काम दोन ओळींचं होतं. लिहिलेलं त्याने तीन वेळा वाचलं, आयुष्यात पहिल्यांदाच. मग स्वतःच्या किल्लीवर बोट टेकवलं.

खिडकीशेजारचा कॉम्प्युटर वाजला.

"अहो, घाईरावांचं आलंय!" वहिनींनी हिरवं बटण दाबलं.

मास्तरचा डावा हात उचलला गेला. हवेत चाचपडला, आणि बोट किल्लीवर टेकलं. त्याचा अर्धा चेहरा हसला. पडद्यावरून त्याचं नाव गेलं.

"बघितलंत?" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "उद्याही पाठवा हं काहीतरी."