दंडावरची दोरी

बेन्वाने पुन्हा दोरीतच बोटं घातली.

लातिरच्या उजव्या दंडावर आईने बांधलेला ताईत होता. चामड्याच्या तीन पुरचुंड्या आणि बोटाएवढी जाड सुती दोरी. खडाखडी सुरू झाली की लातिर मनगट चुकवी, हात झटके, आणि बेन्वा मनगटाच्या भानगडीत न पडता सरळ दोरी धरून त्याला अडेल बैलासारखा ओढी. एकदा बेन्वाच्या लंगोटाला हात लागला असता तर लातिरने त्याला केव्हाच उचलून टाकला असता. पण हात तिथवर पोचेना. आणि पकडच नाही तर डाव कसला टाकणार, कपाळ?

पंचाने शिट्टी फुंकली. "नुसते हात काय चोळत बसलाय? भिडा! आणखी एकदा सांगायला लावलंत तर दोघंही बाद."

शाळेच्या मैदानाच्या कडेला बक्षिसाचा तांबडा बैल बांधला होता. लातिरच्या बापाला जाऊन वर्ष झालं होतं. बैल कापल्याशिवाय वर्षाचं जेवण होत नाही, आणि घरात बैल नव्हता. भाऊबंद तोंडावर काही बोलत नसत. पण आई, तेनिंग, विहिरीवर जायची ती बाकीच्या बायका पाणी भरून गेल्यावर.

मधल्या विसाव्याला लातिर कडेला आला. सदतिसावं वर्ष आणि आजची तिसरी कुस्ती. त्याच्या बरोबरीचे सगळे कधीच खुर्च्यांवर बसून सल्ले द्यायला लागले होते. वस्ताद वालीने त्याच्या मानेवर पाणी ओतलं, तळव्यांना वाळू चोळली आणि म्हटलं, "ते काढ आधी. तुझ्या आईने त्याला दाराची कडी करून दिलीय."

"ती बघतेय."

"बघू दे. तू बैलाकडे बघ."

तेनिंग पुढेच चटईवर बसली होती. मांत्रिकाकडे ती दोन दिवस चालत गेली होती, तिचे पाय अजून सुजलेले होते. ती दोरी सुटलेली दिसली असती तर तिने इथंच हंबरडा फोडला असता. लातिरला वालीशी वाद घालायची ताकद नव्हती, आणि आईशी तर मुळीच नव्हती.

"नाही काढत," तो म्हणाला.

पलीकडून बेन्वा ओरडला, "काय रे गुलामा, दमलास? आईला सांग, दुसऱ्या दंडावरपण बांध. माझा एक हात रिकामा राहतोय!"

लोक खदखदून हसले. बेन्वा जोला जमातीचा, दक्षिणेकडचा. पावसाळा सरला की दरवर्षी ताडी काढायला इकडे यायचा. जोलाने लातिरच्या सेरेर जमातीला गुलाम म्हणायचं आणि सेरेरने जोलाला. थट्टेचंच नातं, त्यात राग धरायचा नसतो. एरवी लातिरनेही वाजवून उत्तर दिलं असतं. आज तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

ढोल पुन्हा सुरू झाले. दोघं वाकले, हाताला हात लागले. बेन्वाचा डावा हात सवयीने दोरीकडेच निघाला आणि लातिरने तो पाहिला. दुपारपासून तो ही दोरी लपवत होता. हा हात दर खेपेला कुठं येणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, एवढी साधी गोष्ट त्याला आत्ता सुचली.

त्याने दंड पुढे केला.

बोटं आत गेली. लातिरने कोपर आत वळवलं, दंड फुगवला आणि दोरीला पीळ बसला. बेन्वाने हात ओढला, तो निघेना. आता त्याच्यापाशी एकच हात होता आणि लातिरच्या मुठीत बेन्वाचा लंगोट. बेन्वाची बोटं मोडणार हे लातिरला कळलं होतं. कळूनही तो थांबला नाही. त्याने बेन्वाला अंगाखाली घेऊन पाठीवर आदळलं, तेव्हा वाळलेली शेंग मोडावी तसा बारीक आवाज झाला. तो त्या दोघांनाच ऐकू आला.

बायका गात मैदानात आल्या. तेनिंग सुजल्या पायांनी सगळ्यांच्या पुढे नाचत होती. तिने लेकाचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"पावला की नाही? आणि तो वाली म्हणत होता, काढ!"

"पावला, आई."

त्याच्या हातात बैलाचा कासरा दिला गेला. तेनिंग विहिरीवरच्या बायकांना मोठमोठ्याने सांगत होती, जेवणाला सगळ्यांनी यायचं, एकीनेही घरी चूल पेटवायची नाही. वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज लातिरने ऐकला नव्हता. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त खाली बसावंसं वाटत होतं.

बेन्वा समोर येऊन उभा राहिला. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली. हरलेल्या जोलाने काय बोलायचं ते ठरलेलं असतं, म्हणून तो बोलला.

"बोटं मोडलीस की रे, गुलामा! आता माझ्या झाडांवर कोण चढणार? तू?"

भोवतीचे लोक हसले. बेन्वाही हसला, पण चिंधीचा हात त्याने छातीशी धरला होता. ताडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

"किती झाडं आहेत?" लातिरने विचारलं.

लोक आणखीच हसले. बेन्वाचं हसू थांबलं. लातिर थट्टा करत नाही, हे त्याला दिसलं.

"बावीस," तो म्हणाला. "दिवसातून दोनदा चढावं लागतं."