चौतीस पायऱ्या

कृष्णाबाई भाजी आणायला जाऊन दीड तास झाला होता. कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं पुरत.

विठोजी पलंगावर बसून होते. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर फोन. बायकोला चार वेळा लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

आंघोळ राहिली होती. दोन वर्षं झाली, ती एकट्यानं जमत नव्हती. तांब्या ओतायला हात वर केला की दम कोंडायचा. कृष्णाबाई समोर स्टुलावर बसून पाणी घालायच्या. "स्वल्प थांबा, जरासं. श्वास घ्या," म्हणायच्या. शर्टाची बटणंही त्याच लावायच्या.

काल मात्र त्यांनी मध्येच तांब्या खाली ठेवला. विठोजी भडकले. "कंटाळलीस तर तसं सांग ना!"

कृष्णाबाईंनी थोड्या वेळानं तांब्या पुन्हा उचलला.

संध्याकाळी त्या बाल्कनीत येलहंक्याच्या बहिणीशी, सकवारअक्कांशी, फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. "अक्का, मला आता झेपत नाही गं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. हो, येते मी तुझ्याकडे."

विठोजींनी ते ऐकलं होतं. रात्रभर डोळा लागला नव्हता.

पाचव्यांदाही फोन उचलला गेला नाही. मूलबाळ नाही. ही गेली तर उद्या पाणी कोण घालणार? की असंच पलंगावर बसल्या बसल्या एक दिवस...

बसस्टॉपवर असेल अजून. हातापाया पडून आणू परत.

त्यांनी नळी काढली. बनशंकरी भागातल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन मजले, चौतीस पायऱ्या. वर्षभरात ते फक्त दवाखान्यासाठी उतरले होते, तेही खुर्चीत बसून, दोघांच्या खांद्यांवरून.

एक पायरी. थांबायचं. कठडा धरून ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा. दुसरी पायरी.

पहिल्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. हाक मारायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. आपण इथंच संपणार, असं वाटलं. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे बसूनच एकेक पायरी घसरत निघाले.

शेवटचं वळण आलं.

सगळ्यात खालच्या पायरीवर कृष्णाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. शेजारी भाजीची पिशवी लवंडलेली. तिच्यातला फोन हातभर अंतरावर पडलेला.

"कृष्णे! मला वाटलं, तू गेलीस..."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. फक्त एक हात वर केला. थांबा.

"चढवत... नाही... हो."

जिन्यात बारीक शिट्टी वाजत होती. आपलीच छाती वाजतेय असं वाटून विठोजींनी क्षणभर श्वास रोखून धरला.

शिट्टी थांबली नाही.