मागचं वजन

विटा उतरवून परतताना रिकामा ट्रक चिखलात रुतला. ड्रायव्हरने फोर-व्हीलचा दांडा टाकून पाहिला, पण पुढची चाकं ढिम्म हलेनात. मग त्याने टायरमधली थोडी हवा सोडली आणि लेकीने मागच्या चाकांखाली पोती सारली.

लेक शेजारी येऊन बसली. तिच्या बाजूचं दार भारी हट्टी, दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय लागायचं नाव नाही. तिने ते ओढून लावलं.

त्याने गिअर टाकला, पण मागची चाकं जागच्या जागीच गरगरत राहिली.

“मागे वजनच नाही ना, बाबा.”

त्याने नुसती मान हलवली. अशा वेळी बायको मागे चढून चाकाच्या वर फतकल मारायची आणि ओरडायची, “एरवी हसता ना माझ्या वजनाला? घ्या आता!” तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्याने पुन्हा गिअर टाकला.

मागे स्प्रिंगचे पाटे करकरले. ट्रकची मागची बाजू अलगद खाली दबली, चाकांनी पोती धरली आणि ट्रक एका दमात बाहेर आला.

दोघांपैकी कुणीच मागे वळून पाहिलं नाही. काचसामान भरलं असावं तसा तो खड्डे चुकवत रिकामा ट्रक हाकत राहिला. पक्का रस्ता लागला तसा त्याने ब्रेक दाबला. बायको इथेच उतरून पुढे लेकीशेजारी येऊन बसायची.

पाटे पुन्हा करकरले. मागची बाजू हलकी झाली.

लेकीने आपल्या बाजूचं दार उघडलं, मधे सरकून जागा केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

दार धाडकन लागलं.