वडिलांच्या सुरीला तेल

लाकडाला स्मरणशक्ती असते, असं थोरल्याचं ठाम मत होतं. आयुष्यभर त्याचा लाकडाशी संबंध आला तो बँकेतल्या खुर्चीपुरता, आणि तिलाही गादी होती.

समोर वर्तमानपत्रावर वडिलांची सुरी होती. वडील खानावळीत आचारी. याच सुरीवर त्यांनी दोन्ही मुलांना शिकवलं. ते गेले तेव्हा "मी थोरला" एवढंच म्हणून त्याने ती खणातून उचलली. धाकटा तेव्हा काही बोलला नाही, आणि नंतर बोललाच नाही. त्याला तप उलटून गेलं.

त्या सुरीने थोरल्याने कधी काकडीसुद्धा चिरली नाही. ती दिसली की धाकट्याचा चेहरा आठवायचा, म्हणून ती कपाटावर पडून होती. शेवटी परवा त्याने फोन केला. "रविवारी ये. तुझी वस्तू घेऊन जा."

"बरं," एवढंच उत्तर आलं.

म्हणून मुठीला हे तेल.

"खोबरेल खवट होतं," तो बायकोला म्हणाला. "अक्रोडाचं नाजूक कामाला. जवसाचं बरं, ते वाळतं."

"डोक्याला कुठलं लावायचं याचा इतका विचार केला असतात, तर चार केस राहिले असते."

जवसाचं ठरलं. रात्री चोळलं, सकाळी मूठ तशीच चिकट. पुसलं, पुन्हा चोळलं. मुरायचं नाव नाही. रंगाचा दुकानदार म्हणाला, "जुनं लाकूड तेल पिऊन तृप्त असतं, साहेब. आधी पॉलिश पेपर मारा."

"आणि वडिलांच्या हाताची झिलई घालवू?" थोरला म्हणाला आणि दुकानातून निघून आला.

रविवारी धाकटा आला. वाळला होता. खुर्चीच्या कडेवर बसला, पिशवी मांडीवर धरून.

थोरल्याने सुरी पुढे सरकवली. "चुकलं माझं. ही तुझ्याकडेच असायला हवी होती."

धाकटा सुरीकडे बघत राहिला. हात लावला नाही.

"बोटं चिकट होतील, जपून. तेल मुरतंय अजून."

"मुरलं नाही?"

"मुरेल. काय लाकूड आहे बघ. इतक्या वर्षांत एक चीर नाही."

धाकट्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर उलगडलं. आत दुसरी सुरी होती. पातं गंजलेलं, मूठ सुकून टाचेसारखी भेगाळलेली.

"ही बाबांची," तो म्हणाला. "तू उचलणार हे माहीत होतं. त्याआधीच मी काढून घेतली आणि खणात दुसरी ठेवली. मग तुझ्याशी कुठल्या तोंडाने बोलणार? घरातही कुणाला दाखवता आली नाही."

थोरल्याने भेगांवरून बोट फिरवलं. नंतर तेलकट सुरीकडे बोट केलं.

"मग ही कुठली?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातली. मूठ प्लॅस्टिकची आहे, दादा."